चित्रकलेचा तास कोणी पळवला?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत गेली काही वर्षे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. आई-बाप दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईच्या दिशेने गेलेले असतात. संध्याकाळी परततात ते फलाटावरच्या रेटारेटीने पिळून निघालेले. घरातले पाच-सहा वर्षांचे मूल टॅबलेटच्या पडद्यावर बोट फिरवीत चित्र रंगवीत बसलेले असते. बोट टेकले की हत्ती क्षणात निळा होतो, पुन्हा टेकले की पिवळा. टाळ्या वाजतात, चांदण्या उडतात. मूल चित्रकला शिकत आहे, शिवाय रंगांची इंग्रजी नावेही पाठ करीत आहे, असे समाधान आई-बापांना लाभते. दिवसाचे तीन तास रेल्वेला आणि नऊ तास मालकाला देणाऱ्या या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांना दोष द्यायचा, ते या दृश्यात दिसतच नाहीत.

जवळच्याच चाळीत आणि झोपडपट्टीत हेच दृश्य थोड्या फरकाने आढळते. तेथे टॅबलेट नसतो, बापाचा काच तडकलेला फोन असतो, आणि तोही बाप कामावरून आल्यावर तासभर. अ‍ॅप फुकटचे, म्हणून दर दोन चित्रांमागे एक जाहिरात. वर्गभेद असा पडद्यावरही उतरला आहे. वर्गणी भरणाऱ्याच्या मुलाला चित्र मिळते; न भरणाऱ्याच्या मुलाला चित्राच्या आड जाहिरात मिळते.

या अ‍ॅप्सविषयीचा वाद 'यंत्र चांगले की वाईट' असा मांडला जातो. ही मांडणी सोयीची आहे, कारण तीत शासन कोठेच येत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: शाळेतला चित्रकलेचा तास गेला कोठे?

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणाची सोय आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही मुलांची संख्या शंभराहून अधिक असेल तर, आणि तीही अर्धवेळ निदेशकाची. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी या परिशिष्टात कलाशिक्षकाचा उल्लेखही नाही. म्हणजे ज्या वयात मूल लिहिण्याच्या कितीतरी आधी रेघ ओढते, भिंत, पाटी, जमीन काहीही सोडत नाही, नेमक्या त्या वयात चित्रकलेच्या शिक्षकावर त्याचा कायदेशीर हक्क नाही! महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या कायद्याचा आधार घेऊन 'अतिथी निदेशक' नावाचा प्राणी निर्माण केला आणि त्याला तासिकेमागे ५० रुपये मानधन ठरवले. कला संचालनालयाची कलाशिक्षक पदविका घेतलेल्या, वर्षानुवर्षे हात घडवलेल्या माणसाची ही किंमत. पाहुण्याला निदान चहापाणी तरी करण्याची रीत आहे.

याच काळात कागदावर मात्र कलेचा सन्मान वाढतच होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात कडक भेद नसावा असे सांगितले. धोरणात गौरव आणि वेतनपत्रकात ५० रुपये, असा हा कारभार.

शासनाने जी जागा मोकळी केली, तीत व्यापारी शिरला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली आणि घरोघरचा फोन हीच शाळा ठरली. शिक्षणाच्या धंद्याला याहून मोठी पर्वणी कोणती? बायजूज या कंपनीने त्याआधीच, जानेवारी २०१९ मध्ये, १२ कोटी डॉलरला 'ऑस्मो' ही अमेरिकन कंपनी विकत घेतली होती. मूल समोरच्या कागदावर जी रेघ ओढते, ती टॅबलेटचा कॅमेरा टिपतो आणि पडद्यावर खेळ होतो, असे तिचे उत्पादन. ऑगस्ट २०२० मध्ये याच बायजूजने 'व्हाइटहॅट ज्युनियर' ३० कोटी डॉलरला घेतली. क्रिकेट संघाच्या छातीवर नाव झळकवणारी ही कंपनी १६ जुलै २०२४ रोजी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बाजारातील कंपनी बुडते यात नवल नाही. कंपनी बुडाली तरी तिच्या भरवशावर मोकळी ठेवलेली शिक्षकाची जागा मात्र भरली जात नाही.

येथपर्यंतची कथा खासगीकरणाच्या इतर कथांसारखीच आहे. एस.टी., दवाखाना, पाणी, सगळीकडे आधी सार्वजनिक सेवा उपाशी ठेवायची आणि मग ती निकामी आहे असे सांगून बाजार बोलवायचा. चित्रकलेच्या अ‍ॅपच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे.

गूगलने नोव्हेंबर २०१६ मध्ये 'क्विक, ड्रॉ!' नावाचा एक खेळ लोकांपुढे ठेवला. यंत्राने शब्द सांगायचा, खेळणाऱ्याने वीस सेकंदांत चित्र काढायचे, यंत्राने ते ओळखायचे. सर्वांना गंमत वाटली. खेळणाऱ्यांत मुले किती होती हे कोणी मोजले नाही. पण दीड कोटी लोकांनी काढलेल्या ५ कोटी चित्रांचा साठा तयार झाला आणि त्यावर यंत्रांना रेघ ओळखण्याचे व ओढण्याचे शिक्षण देण्यात आले. हा साठा कंपनीने सर्वांसाठी खुला केला, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने डिसेंबर २०२१ मध्ये मुलांच्या हातची चित्रे पडद्यावर नाचवून दाखवणारे एक साधन काढले. पालकांनी हौसेने चित्रे चढवली, आणि संमती घेऊन जमवलेल्या अशा सुमारे १ लाख ७८ हजार चित्रांचा संग्रह २०२३ मध्ये संशोधनासाठी बाहेर आला. येथे कायदा मोडला असे कोणी म्हणत नाही. प्रश्न कायद्याच्या अलीकडचा आहे. मुलाला वाटते आपण खेळत आहोत. पालकाला वाटते मूल शिकत आहे. आणि शिकत असते ते यंत्र. मुलाची रेघ हा कच्चा माल झाला आहे, आणि कच्चा माल पुरवणाऱ्याला त्याचा मोबदला तर सोडाच, आपण काही पुरवले याची जाणीवही नाही.

वागळे इस्टेटमध्ये ज्याने उमेद घालवली, किंवा २००९ साली टाळे लागलेल्या मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात ज्याने घाम गाळला, त्या कामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, यावरच कामाचे फळ कोणाकडे जाणार हे ठरते, हे तो आयुष्यभर पाहत आला. त्याच्या नातवाच्या बाबतीत हाच व्यवहार 'शैक्षणिक खेळ' या नावाने होत आहे, एवढेच नवे.

शासनाचे स्वतःचे अ‍ॅप असले की हा धोका टळतो, असे मानणाऱ्यांनी 'दीक्षा'चा इतिहास पाहावा. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ सरकारांनी पुरस्कारलेल्या १६४ शैक्षणिक साधनांची तपासणी केली. त्यांतील १४६ साधने मुलांच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या रीतीने माहिती हाताळत होती. 'दीक्षा' मुलांचे नेमके ठिकाण टिपत असल्याचे त्यात नोंदले आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये याच व्यवस्थेतील लक्षावधी विद्यार्थी-शिक्षकांची माहिती उघड्यावर पडल्याचे प्रसिद्ध झाले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास बंदी घातली, हे चांगले; पण नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट देऊन ठेवली आहे. 'शैक्षणिक' या शब्दाच्या आडून काय काय शिरते, हे वर सांगितलेच आहे.

आता चित्रकलेकडे. मूल खडू दाबते तेव्हा त्याच्या बोटांना कागदाचा विरोध कळतो. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, जास्त मिसळला की घाण होते, आणि ती घाण पुसून जात नाही. चुकलेल्या रेघेचे त्याला पुढे काहीतरी करावे लागते: वाकड्या भिंतीचे झाड करावे लागते. अ‍ॅपमध्ये चूक एका टिचकीने नाहीशी होते, रंग रेषेबाहेर जातच नाही, आणि घर हवे असेल तर घर तयार मिळते. बहुधा धुराडे असलेले, छपरावर बर्फ साचलेले. डोंबिवलीच्या मुलाने बर्फ पाहिलेला नाही. त्याने पाहिलेली खाडी, पूल, पत्र्याचे छप्पर, पावसात तुंबलेला रस्ता यांचे तयार ठसे मिळत नाहीत. ते मिळाले तरी ते त्याचे चित्र होणार नाही.

या बाबतीत इतर देशांकडे पाहण्याआधी ठाणे जिल्ह्याने स्वतःकडे पाहायला हवे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत तो ठाण्याचाच होता. मॉन्टेसरीची साधने महाग, परदेशी. ती वारल्यांच्या पोरांना कोठून मिळणार? या दोन बायकांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, माती यांतून साधने उभी केली, आणि मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी मुलाच्या अंगणात नेली. आज सारा देश वापरतो तो 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. ज्या झोपड्यांत त्या गेल्या, त्यांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्याच मुलखातील जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बांबूची काडी, पीठ आणि भिंत, एवढे त्या कलेचे भांडवल. आता वारली आकृत्याही तयार ठशांच्या रूपात पडद्यावर मिळतात: बोट टेकवा, नाचणारी माणसे उमटतील.

मात्र जुन्या चित्रकलेच्या तासाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि नागमोडी नदी हे चित्र महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांनी काढले, आणि त्यासाठी कोणत्याही अ‍ॅपची गरज पडली नाही. ते फळ्यावरूनच आले. गणिताचा भाग मागे पडला की चित्रकलेचा तास कापायचा, ही तर सर्वमान्य प्रथा होती. शासकीय रेखाकला परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांशी जोडल्या गेल्यापासून कित्येक शाळांत चित्रकला म्हणजे गुणांची बेगमी झाली. ज्या समाजाने हा तास असा हलका लेखला, त्या समाजाला तो पडद्याच्या स्वाधीन करताना काही गमावल्यासारखे वाटले नाही, यात आश्चर्य कसले?

अ‍ॅपच्या बाजूने दोन मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. ज्या मुलाचा हात खडू धरू शकत नाही, ज्याला दाब देता येत नाही, त्याला पडद्यावर रेघ ओढता येते. ही मोठी गोष्ट आहे आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसरे म्हणजे सर्वच साधने बाजाराची नाहीत. 'टक्स पेंट' हे मुलांसाठीचे चित्रकलेचे साधन २००२ पासून स्वयंसेवकांनी बनवले, ते फुकट आहे, जाहिरातीशिवाय आहे, जुन्या संगणकावर चालते आणि त्याची रचना कोणालाही पाहता-बदलता येते. महापालिकेच्या शाळेत संगणक असेलच तर त्यावर अशी सार्वजनिक मालकीची साधने का नसावीत? समाजवाद्यांचा यंत्राला विरोध कधीच नव्हता.

'कागद-रंगांचा खर्च कोण करणार? अ‍ॅप स्वस्त पडते,' हा तिसरा मुद्दा मात्र निव्वळ लबाडीचा आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे सप्टेंबर २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी' योजनेत निवडली गेली. योजनेला पैसा मिळतो आणि मेणखडूला मिळत नाही, असे होत असेल तर ती टंचाई नव्हे, निवड आहे. शिवाय ही निवड कोणी केली हे विचारायलाही जागा उरली नव्हती. कल्याण-डोंबिवलीच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांनी कारभार हाकला.

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली जून २०१६ पासून समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका यांची सिग्नल शाळा भरते. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलांसाठी कंटेनरमध्ये वर्ग झाले. त्या संस्थेच्या विचारसरणीशी कोणाचे मतभेद असोत. पण त्या मुलांपर्यंत आधी पोहोचली ती माणसे, साधने नंतर आली. हा क्रम उलटा करण्याचा प्रयत्न सध्या चालू आहे.

पक्षाच्या शाखांपुढे म्हणूनच स्पष्ट काम आहे. पहिलीपासून प्रत्येक महापालिका शाळेत पूर्ण वेतनाचा कलाशिक्षक, कागद व रंग शाळेकडून, आणि पालकसभेपुढे तपशील ठेवल्याखेरीज कोणत्याही कंपनीचे अ‍ॅप वर्गात नाही, ही मागणी दोन्ही महापालिकांकडे लेखी जावी. सेवा दलाच्या कलापथकांची परंपरा ज्या कार्यकर्त्यांना आठवते, त्यांनी रविवारी वस्तीत चित्रकलेचे वर्ग भरवावेत. पण त्या वर्गांना शासनाची जबाबदारी झाकण्याचे पांघरूण होऊ देऊ नये. आणि एक साधी गोष्ट तर या महिन्यातच करता येईल. माहितीच्या अधिकारात दोन आकडे मागावेत: गेल्या पाच वर्षांत शाळांतील पडदे व संगणकीय साधने यांवर किती खर्च झाला, आणि कलाशिक्षकांचे वेतन, कागद व रंग यांवर किती. उत्तर आले की ते दोन्ही आकडे वस्तीच्या फलकावर शेजारी शेजारी लिहावेत.