पाद्री, अभ्यासक आणि आपण

भुसावळजवळच्या दीपनगरहून सातपुडा ओलांडला की निमाड लागते. तिथल्या बलाही या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीवर स्टीफन फुक्स या ऑस्ट्रियन कॅथलिक पाद्र्याने १९५० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आला होता धर्मप्रसारासाठी, आणि लग्नविधी, देवदेवता, जातीचे व्यवहार टिपत बसला. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे तो पाहणार काय, हा आक्षेप यावर ठरलेला, आणि तो पोकळ नाही. फुक्स यांच्याच धर्मसंघातील पाद्री विल्हेल्म श्मिट यांनी देवकल्पनेच्या उगमावर १२ खंड लिहिले. आदिमानव एकच देव मानत होता, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे त्यांच्या शिष्यांनीही त्यांची मांडणी सोडून दिली. तरी त्यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले ‘अँथ्रोपोस’ नियतकालिक आणि मिशनऱ्यांची टिपणे उरलीच.

मग श्रद्धा बाजूला ठेवली की नजर साफ होते का? इंग्रज मिशनरी व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गोंडांमध्ये राहिले, त्यांना उपदेश करायचे नाकारले आणि शेवटी चर्चही सोडले. पण आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपायचा त्यांचा आग्रह हीही एक श्रद्धाच होती. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्यावर कडक टीका केली आणि आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. म्हणजे तेही रिकाम्या हाताने आले नव्हते! धर्मशास्त्री निदान आपली भूमिका उघड सांगतो, म्हणून तिच्याशी भांडता येते.

शिवाय तो एक प्रश्न विचारतो, जो इतरांकडून निसटतो. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांच्या सोमवारच्या आरतीला हजारो भिल्ल जमत, दारू सोडत. सावकारी आणि गेलेल्या जमिनी यांतून त्याची कारणे सापडतात, आणि ती खरीही आहेत. पण आरतीला उभ्या असलेल्या माणसाला तिथे देवाचे काय जाणवत होते, ते या कारणांत विरून जाते. समाजशास्त्राला हा प्रश्न अवघड जातो. धर्मशास्त्राचा तो रोजचा आहे.

धर्मांतराच्या हेतूने गोळा केलेली माहिती वापरावी का, असेही कुणी विचारेल. वापरावी, पण ज्यांच्याविषयी ती आहे त्यांच्यापुढे ठेवून. फुक्स यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे; तो तपासायचा पहिला हक्क बलाहींच्या शिकलेल्या नातवंडांचा.