थार उचलली, पण कागद तिथेच राहिले: लिफ्ट किट आणि मडफ्लॅपचा कायदा नेमका काय म्हणतो?

माझ्या मावसभावाने मागच्या पावसाळ्यात थारला दोन इंचांची लिफ्ट किट बसवली आणि खाली ३३ इंची टायर चढवले. गाडी जबरदस्त दिसायला लागली, हे मान्य. पण नवे रुंद टायर बॉडीच्या बाहेर डोकावत होते आणि मडफ्लॅप त्याने आधीच काढून टाकले होते. ऑफ-रोडवाले ते काढतातच, कारण रिव्हर्स घेताना दगडात अडकून फाटतात. महिनाभरात खंबाटकी घाटाच्या अलीकडे त्याच्या मागच्या टायरने उडवलेला खडा एका बाइकवाल्याच्या हेल्मेटवर बसला. व्हायझरला तडा गेला, डोळा थोडक्यात वाचला. भांडण सुरू झालं, पोलीस आले, आणि त्यांनी खड्याबद्दल काही विचारायच्या आधी टायरकडे बोट दाखवलं.

रात्री त्याचा मला फोन. "अरे, अमेरिकेत तर सगळे ट्रक असेच असतात ना? रील्स बघत नाहीस का? आपल्याकडेच का नाटकं?"

प्रश्न चांगला होता, म्हणून खोदून बघितलं.

अमेरिकेत 'ट्रक' म्हणजे बहुतेक वेळा पिकअप, आणि तो उंच करायला खरंच बऱ्याच राज्यांत परवानगी आहे. पण मोकळं रान नाही. तिथला कायदा टेप घेऊन मोजतो. कॅलिफोर्नियात भरल्या वजनाची मर्यादा ४,५०१ ते ७,५०० पाउंड असलेल्या गाडीची चासी जमिनीपासून ३० इंचांपेक्षा वर चालत नाही. त्याच राज्यात चाकांनी उडवलेलं पाणी, चिखल अडवायला फेंडर किंवा फ्लॅप लागतोच. सूट फक्त अगदी हलक्या गाड्यांना. नॉर्थ कॅरोलायनात पुढचं तोंड वर आणि मागचा भाग खाली अशी गाडी करायची फॅशन आली होती, तिला 'कॅरोलायना स्क्वॅट' म्हणतात. तशा गाडीत ड्रायव्हरला बॉनेटसमोरचं काही दिसत नाही आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. डिसेंबर २०२१ पासून तिथे पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर करायला बंदी आहे.

राज्य बदललं की आकडा बदलतो, हा तिथला जुना त्रास. एकेकाळी इलिनॉय राज्याने ट्रकना विशिष्ट वळणदार मडफ्लॅपच हवा असा नियम केला होता, आणि आर्कान्सामध्ये सरळ फ्लॅप सक्तीचा होता. म्हणजे सीमेवर थांबून फ्लॅप बदला! १९५९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने इलिनॉयचा तो नियम रद्द केला. रबराच्या तुकड्यासाठी सुप्रीम कोर्ट, हे वाचून मी पण हसलो.

आता आपल्याकडे या. भावाला वाटत होतं, दोन इंच चालतात, तीन चालत नाहीत, असं काहीतरी असेल. तसं काही नाही. आपला कायदा इंच विचारतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकच गोष्ट बघतं: गाडी कंपनीने जशी दिली आणि नोंदवली गेली, तशीच आहे का? केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. रंग बदला, मान्यताप्राप्त सीएनजी किट लावा, पण आरसीवर नोंद करा. लिफ्टसाठी सामान्य मालकाला अशी सरळ वाट नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक' हा शब्द परत वाचा. लिफ्ट हा एक बदल, टायर हा दुसरा.

मला स्वतःला हा कायदा बोथट वाटतो. एक इंच उचलून, अलाइनमेंट करून, हेडलाइट खाली सेट करून घेणारा आणि सहा इंच उचलून वर एलईडी बार लावणारा, दोघं एकाच रांगेत. तपासून घ्यायचं म्हटलं तरी सोय नाही. उलट किट दुकानात राजरोस मिळते, जीएसटीच्या बिलासकट. दुकानदार सुटतो आणि ग्राहक सापडतो.

पण कायदा बाजूला ठेवला तरी गाडीचं गणित बदलतंच, आणि ते तुम्ही फोनवर तपासू शकता. थारच्या वरच्या मॉडेलचा मूळ टायर २५५/६५ आर१८, म्हणजे साधारण ३१ इंच. ३३ इंची टायर एका फेरीत सहा टक्के जास्त अंतर कापतो. स्पीडोमीटरला हे कळत नाही. मॅप्स उघडा: काटा ८० दाखवताना जीपीएस ८५ च्या आसपास दाखवेल. बिचारा भाऊ मायलेज पडलं म्हणून रडत होता. त्यातला थोडा भाग ओडोमीटर कमी मोजतो म्हणून होता. शिवाय गुरुत्वमध्य वर गेला, जड टायर थांबवायला ब्रेकवर ताण आला आणि डिपर न मारताही समोरचे शिव्या घालू लागले. ज्या गाड्यांत कॅमेरा-रडारवर चालणारी एडीएएस आहे, तिथे तर उंची बदलली की त्यांचा नेमच चुकू शकतो.

सगळ्यात महाग पडतो तो विमा. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअर फोटो काढतो, मूळ तपशिलाशी ताडून बघतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कापला किंवा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा पाच हजारांचा दंड स्वस्त वाटतो. भावाला क्लेम करायची वेळ आली नाही. त्याने बाइकवाल्याला नवं हेल्मेट घेऊन दिलं आणि दंड भरला.

थार मुळातच २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स घेऊन येते. त्याला मी म्हटलं, आधी मूळ मापाचेच ऑल-टेरेन टायर लाव, चिखलात हवा कमी करायला शीक, मग बघू. पुढच्या रविवारी त्याने किट उतरवली आणि कंपनीचे मडफ्लॅप परत लावले. ३३ इंची टायर आता जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकायला टाकलेत. चौकशा येतात. प्रत्येक जण आधी किंमत विचारतो, मग हळूच विचारतो, "आरटीओचा काही लफडा नाही ना, भाऊ?"