म्यानमार: राज्यघटनेवर बोट ठेवून लष्करानं लोकशाही कशी संपवली?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या नव्या संसदेची पहिली बैठक राजधानी नेपिडोमध्ये भरणार होती. पण ती भरलीच नाही. त्या दिवशी पहाटेच लष्करानं आँग सान सू ची, राष्ट्राध्यक्ष विन मिंट आणि सत्ताधारी पक्षाच्या अनेक नेत्यांना ताब्यात घेतलं.

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत सू ची यांच्या 'नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी'नं संसदेच्या ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. लष्कराचा पाठिंबा असलेल्या पक्षाला फक्त ३३ मिळाल्या. मतदारयाद्यांत घोळ असल्याचा लष्कराचा आरोप निवडणूक आयोगानं फेटाळला होता.

सत्ता घेणं इतकं सोपं कसं झालं?

याचं उत्तर २००८ च्या राज्यघटनेत आहे. ती लष्कराच्याच राजवटीत तयार झाली. संसदेच्या २५ टक्के जागांवर लष्करप्रमुखच माणसं नेमतात. संरक्षण, गृह आणि सीमाविषयक खाती लष्कराकडेच राहतात. घटनेत महत्त्वाचा बदल करायचा तर ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे लष्कराच्या संमतीशिवाय बदल अशक्य.

आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा असतो. पण राष्ट्राध्यक्षच अटकेत होते. लष्करानं सुचवलेले उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे त्यांच्या जागी आले, त्यांनी आणीबाणीवर सही केली आणि सत्ता लष्करप्रमुख मिन आँग लाईंग यांच्याकडे सोपवली.

विरोध करणाऱ्यांचं काय झालं?

डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कर्मचारी कामावर जाईनासे झाले. रात्री घराघरांतून भांडी वाजवून निषेध होऊ लागला. काही दिवसांतच फेसबुक बंद करण्यात आलं. वॉरंटशिवाय झडती आणि अटकेपासून संरक्षण देणारी कलमं स्थगित झाली. दंडसंहितेत नवं कलम ५०५(अ) आलं. 'भीती पसरवणं' किंवा 'खोटी बातमी देणं' यासाठी ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास. एखादी पोस्टही त्यासाठी पुरेशी होती.

२७ मार्च २०२१ या सशस्त्र दल दिनी एकाच दिवसात शंभरहून अधिक लोक मारले गेले. जुलै २०२२ मध्ये एका माजी खासदारासह चौघांना फाशी देण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सागाईंग प्रांतातल्या पाझिजी गावावरील हवाई हल्ल्यात दीडशेहून अधिक लोकांचा जीव गेला. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणाऱ्या 'एएपीपी' संस्थेनुसार, पहिल्या चार वर्षांत लष्कर आणि त्याच्या समर्थक गटांनी ६ हजारांहून जास्त लोक मारले. देशात ३० लाखांहून अधिक लोक बेघर झाले.

भारताशी काय संबंध?

भारत आणि म्यानमारची सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. सीमेपलीकडचे चिन आणि मिझोरममधले मिझो यांचं नातं जुनं आहे. त्यामुळे हजारो निर्वासितांना मिझोरमनं आसरा दिला. पण भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे या लोकांचं भवितव्य बरंचसं सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे.

निवडणूक झाली, मग लोकशाही परत आली का?

२८ डिसेंबर २०२५ पासून म्यानमारमध्ये टप्प्याटप्प्यानं मतदान सुरू झालं. पण २०२० मध्ये जिंकलेला पक्ष २०२३ मध्येच बरखास्त करण्यात आला होता. सू ची कैदेत होत्या. लष्कराचा ताबा नसलेल्या अनेक भागांत मतदानच नव्हतं. शिवाय निवडणुकीला विरोध करणाऱ्यांना किमान ३ वर्षांची शिक्षा देणारा कायदा जुलै २०२५ मध्येच आला होता.

मुख्य म्हणजे, ही निवडणूकही २००८ च्याच घटनेखाली झाली. मतदारांनी कुणालाही निवडलं, तरी संसदेतल्या दर चार जागांपैकी एक लष्कराचीच. आणीबाणीत सत्ता लष्करप्रमुखांच्या हाती देणारं कलमही तसंच आहे. १ फेब्रुवारी २०२१ ची पहाट ज्या तरतुदींमुळे उजाडली, त्या तरतुदी हटत नाहीत तोवर मतदान झालं तरी तो धोका कायम राहतो.