पोटशूळ झालेल्या घोड्याला बाटलीने तेल पाजू नका

संपादक महोदय,


घोड्याच्या पोटशूळावर हिंग, ओवा आणि काळं मीठ गोडेतेलात कालवून बाटलीने पाजावं, असं गेल्या अंकातल्या पत्रात सुचवलं आहे. माथेरानमध्ये घोड्यावर अख्खं घर चालतं. तिथे हा सल्ला कुणी मनावर घेतला तर जनावर हातचं जाईल.

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं वर येत नाही. जठरही देहाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. आतड्याला पीळ पडला असेल तर ओतलेलं तेल पुढे सरकत नाही आणि जठर फुटण्याचा धोका वाढतो. त्यात मान वर ओढून बाटली रिकामी केली की तेल श्वासनलिकेत उतरू शकतं, मग न्यूमोनिया. पशुवैद्य नाकातून थेट जठरापर्यंत नळी घालतात ते याचसाठी.

घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, लीद थांबली आहे, असं दिसताच चारा आणि खुराक काढून घ्यावा आणि पशुवैद्याला फोन करावा. कुशीला कान लावून बघा. गुडगुड अजिबात नसेल, किंवा नाडी मिनिटाला ६० च्या वर असेल, तर तेही फोनवरच सांगा.

घरचा इलाज हवाच असेल तर तो दुखण्याआधीचा: भरपूर सुकं गवत, दाणा थोडा थोडा विभागून, आणि स्वच्छ पाणी.

हे पत्र कृपया पुढच्याच अंकात छापावं.

आपला,
एक वाचक