धानाचा हंगाम आणि झाडीपट्टीची रात्र

दीपावलीच्या अमावास्येला प्रभू महावीरांचे निर्वाणकल्याणक साजरे होते, नव्या वह्यांचे पूजन होते आणि व्यापारी घरांचे नवे वर्ष सुरू होते. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि गडचिरोली येथे याच दिवसांत आणखी एक व्यवहार सुरू होतो. वैनगंगेकाठच्या देसाईगंज गावी, ज्याला सारा मुलूख वडसा म्हणून ओळखतो, नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांवर नव्या नाटकांचे फलक लागतात. गावोगावची मंडळे तेथे येतात, नाटक निवडतात, तारीख ठरवतात, इसार देतात आणि करार करून परततात. भाऊबीजेच्या सुमारास सुरू झालेला हा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि तेथील बोलीला झाडीबोली. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा ही नावे धान, तांदूळ, कापड वा किराणा यांच्या व्यापारातील कुटुंबांना परिचित आहेत. त्याच गावांची रात्र मात्र पेढीवरून दिसत नाही. ती पाहावयाची तर मंडपात जावे लागते.

मराठी संगीत रंगभूमीचा मोठा प्रवाह अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘संगीत शाकुंतल’पासून मानला जातो. पुढे गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपन्यांनी तिला वैभव दिले. १९३१ नंतर बोलपट आला आणि शहरांतील फिरत्या संगीत मंडळ्या एकेक करून ओसरल्या. झाडीपट्टीत रात्रभर चालणारे, पदांनी भरलेले नाटक टिकून राहिले. त्याची मुळे येथील मातीतही आहेत. दंडार आणि खडी गंमत हे लोकप्रकार या भागात आधीपासून रुजलेले होते. पुरुषच स्त्रीवेष घेत आणि ढोलकीच्या तालावर कथानक पुढे सरके. त्यामुळे गाणे हा नाटकाचा अलंकार नसून प्राण आहे, ही समजूत येथील प्रेक्षकाला कोणी शिकवावी लागली नाही.

प्रयोग रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास सुरू होतो आणि बहुधा पहाटे संपतो. रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गन, तबला आणि आता ऑक्टोपॅड यांचे वादक बसतात. गाणे तेथल्या तेथे, नटाच्या कंठातून उमटते. पद आवडले तर प्रेक्षक ते पुन्हा म्हणावयास लावतात. अनेक गावांत प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खणतात, म्हणजे मागे बसलेल्यालाही रंगमंच नीट दिसतो. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे हे याच मातीतले नट. त्यांच्या नावावर ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका सांगितल्या जातात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शहरातील अनेक रसिकांना झाडीपट्टीचे नाव प्रथम कळले ते त्या वेळी.

व्यापारी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे ते या रंगभूमीचे अर्थकारण. ती अनुदानावर उभी नाही. ती तिकिटावर चालते. गावातील मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते, मंडप, दिवे आणि ध्वनियंत्रणा यांचा खर्च उचलते आणि तिकीटविक्रीतून तो भरून काढते. उरले तर ते गावच्या कामी येते. अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्या गावी त्याच रात्री मोठे नाटक लागले, तर तोटा मंडळाच्या माथी. नट, वादक, लेखक, रंगभूषाकार, पडदे रंगविणारे, पत्रके छापणारे, वाहनचालक अशा कित्येकांची चूल या चार-पाच महिन्यांवर पेटते. करोनाच्या काळात प्रयोग थांबले, तेव्हा सर्वांत आधी याच घरांतील मिळकत थांबली.

या साऱ्याच्या मुळाशी धान आहे. पीक हाती आले की दुकानात गर्दी होते आणि त्याच पैशातून नाटकाचे तिकीट निघते. धान बुडाले तर पेढीवरची उधारी वाढते आणि मंडपही ओस पडतो. दुकानदार आणि नट एकाच शेतावर जगतात. पिढ्यान्‌पिढ्या या मुलुखात राहूनही ज्यांनी एकदाही मंडपाची पायरी चढली नाही, अशा कुटुंबांनी याचा विचार अवश्य करावा. ज्याच्याशी वर्षभर देणेघेणे आहे, त्याच्या आनंदात न बसणे हा परकेपणाच ठरतो.

नाटकाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे येतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि दूरचे नातलग भेटतात. स्थळांची बोलणीही याच मुक्कामात निघतात. कित्येक सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जुळल्या आहेत. म्हणून येथे नाटक पाहावयाचे ते पाहुणा होऊन. ओळखीच्या ग्राहकाने वा शेतकऱ्याने बोलावले तर त्याच्या घरी आधी जावे, मग मंडपात. फुकट प्रवेशिका मागू नये. तिकीट काढणे हाच या कलेचा सन्मान आहे. थंडी कडक असते, तेव्हा घोंगडी वा जाड चादर सोबत असावी. खुर्चीपेक्षा जमिनीवरची जागा बरी, कारण दाद तेथूनच उठते. शहरातील नाट्यगृहाशी तुलना करीत बसू नये आणि शेवटच्या अंकाआधी उठू नये.

श्रावकाला येथे काही अडचणी वाटणे स्वाभाविक आहे. रात्रिभोजनत्याग ही त्यांतील सर्वांत सोपी. सूर्यास्तापूर्वी जेवून, चौविहार असेल तर पाणीही त्याआधी घेऊन, मंडपात रात्र सहज जाते; कोणी आग्रह केला तर नियम सांगावा, येथील माणूस नियमाचा मान राखतो. दुसरी अडचण शंकरपटाची. बैलांच्या या शर्यतींच्या निमित्ताने नाटक ठेवण्याची जुनी चाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींना मनाई केली आणि २०२३ मध्ये राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरविले. अहिंसेचे व्रत घेतलेल्याने शर्यतीला जाऊ नये, हे उघड आहे. पण नाटके मंडई आणि इतर निमित्तांनीही होतात, त्या निवडाव्यात.

तिसरी अडचण नाटकातीलच आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. स्पर्धेच्या दबावाने काही कंपन्या कथानकात संबंध नसलेली नृत्ये आणि द्व्यर्थी विनोद घालतात. झाडीपट्टीतील जुनी जाणती मंडळीही याविषयी खंत व्यक्त करतात. मुलाबाळांसह जावयाचे तर कोणते नाटक कुटुंबाने पाहण्याजोगे आहे, हे गावातील जाणत्यांना आधी विचारावे. कौटुंबिक, सामाजिक आणि ऐतिहासिक नाटके पुष्कळ असतात. चांगल्या नाटकाला तिकीट मिळाले तरच निर्माता पुढल्या वर्षी तसे नाटक घेईल. बाजाराचा हा नियम व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की यात्रा सुरू होतात. भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला दूरदूरची कुटुंबे चंद्रपूर जिल्ह्यात येतात आणि तेथूनच परततात. यंदा त्यांनी एक मुक्काम वाढवावा. गोंदिया ते बल्लारशा या लोहमार्गावर वडसा हे स्थानक आहे. आज कोणत्या गावी कोणते नाटक आहे, हे तेथील कचेऱ्यांतून कळते. ज्यांची दुकाने ब्रह्मपुरी वा आरमोरीतच आहेत, त्यांना तेवढेही जावे लागणार नाही. धान घेऊन दुकानी आलेल्या शेतकऱ्याला हिशेब झाल्यावर एवढेच विचारावे, की तुमच्या गावी नाटक कधी आहे.