‘पोक्त’ पोर

घरी पाहुणे आले आणि आठ-दहा वर्षांच्या मुलीने कोणी न सांगता चहा टाकला, की ‘पोर किती पोक्त आहे!’ असा शेरा हमखास ऐकू येतो. तो कौतुकाचा समजला जातो. मला मात्र हा शब्द एकदा तपासून पाहावासा वाटतो.

‘वेळेआधी वाढलेला’ या अर्थी फ्रेंचमध्ये प्रेकॉस, इटालियनमध्ये प्रेकोचे, स्पॅनिशमध्ये प्रेकोस असे शब्द आहेत. ही सारी लॅटिन ‘प्रायकोक्स’ची लेकरे. ‘प्राय’ म्हणजे आधी आणि ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणे, पिकवणे. लवकर पिकणाऱ्या फळाचा हा शब्द पुढे माणसाला लागला. हे ‘कोक्वेरे’ आणि संस्कृत ‘पच्’ धातू एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे आपले पक्व, पिकणे, पचन हे त्याचे भाऊबंद. आणि ‘पोक्त’ही त्याच कुळातला, फक्त फारसी ‘पुख्ता’च्या वाटेने मराठीत आलेला. माणसाची वाढ सांगताना रोमला, इराणला आणि आपल्यालाही चूलच आठवली!

पण लवकर पिकणे आणि लवकर खुडले जाणे यांत फरक आहे. तुरीचा हळवा वाण लवकर पिकतो, गरवा उशिरा. तो ज्याच्या त्याच्या जातीचा गुण. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली, तेव्हा परंपरेनुसार ज्ञानेश्वर १५-१६ वर्षांचे होते. ते खरे हळवे पीक. हुरड्याचे तसे नाही. कणीस दुधात असतानाच मोडायचे आणि आगटीत भाजायचे. लागतो गोड, पण त्या कणसाचे बियाणे होत नाही.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. थोरली मुलगी कोपीवर भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. शाळा गावातच राहते. तिला आपण पोक्त म्हणतो आणि ‘पोक्त झाली’ म्हणून लग्नही उरकून टाकतो. २००६ चा कायदा मुलीसाठी १८ वर्षे सांगतो; आपली जीभ बाराव्या वर्षीच निकाल देते.

जबाबदारीने माणूस घडतो, असे कोणी म्हणेल. मान्य. पण ती पेलण्याइतके वय तर व्हावे! आज आपण त्या पोरीचा हुरडा करीत आहोत आणि त्याला गोड नाव देत आहोत.

मित्रहो, पुढच्या वेळी हा शब्द ओठांवर आला, तर आधी एवढेच विचारू या: “बाळ, तू कितवीत आहेस?”