विशेष तुकडी त्यांची, नाच आमचा!



तालुक्याच्या सरकारी हायस्कूलच्या गेटवर नवा फलक लागलाय. सेमी-इंग्रजी तुकडी, अटल टिंकरिंग लॅब, व्यवसाय शिक्षण, स्कॉलरशिपचे जादा तास. फलक बघून वाटावं, शिक्षणाची गंगाच आली. मग ती पाड्यावर का पोचत नाही?

जादा तास शाळा सुटल्यावर. पाड्याकडची शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. मग तासाला बसतं कोण? ज्यांची घरं बाजारपेठेत, त्यांची पोरं. सेमी-इंग्रजीला गणित-विज्ञान इंग्रजीतून. आमच्या घरात वारली, कातकरी, कोकणा बोलतात. आमच्या पोराला पहिलीत मराठीच परकी. त्याला 'कच्चं' म्हणायचं आणि शेवटच्या तुकडीत ढकलायचं. अटल लॅबला सरकार २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देतं. तिचं कुलूप पाहुणे आले की उघडतं. त्याच आवारात नववीला गणिताचा मास्तर नाही!

आणि पाहुणे आले की आमची पोरं आठवतात. चला, तारपा नाचा! तारपा आमचा मान आहे. साहेबांच्या स्वागताची ती वस्तू नव्हे.

विचारलं तर साहेब म्हणतात, तुमच्यासाठी एकलव्य शाळा आहे, नवोदय आहे. आहे ना. एका एकलव्य शाळेत सहावी ते बारावी मिळून ४८० पोरं, म्हणजे वर्गाला सरासरी साधारण ७०. नवोदय तर जिल्ह्याला एक. ज्यांची पोरं तिथं लागली, त्यांचा आम्हाला आनंदच आहे. पण हजारातून चार पोरं परीक्षा घेऊन उचलायची, त्यांचा फोटो छापायचा आणि उरलेल्यांच्या शाळेत मास्तर द्यायचा नाही, याला शिक्षण म्हणत नाहीत. याला निवडणं म्हणतात, जसं कंत्राटदार नाक्यावर मजूर निवडतो. नाव तरी काय ठेवलंय? एकलव्याचा अंगठा कुणी मागितला, ते आम्ही विसरलो नाही.

व्यवसाय शिक्षणात काय शिकवतात? दुकानात माल विकायचा, गाडी दुरुस्त करायची, ब्युटी पार्लर. कुठल्याच कामाला आम्ही हलकं म्हणत नाही. पण ज्या तालुक्यात घराघरात वनहक्काचा दावा पडून आहे, तिथं दहावी पास पोराला सातबारा वाचता येत नाही, मोजणीचा नकाशा कळत नाही. दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं की आपण एजंटाचं घर गाठतो. अपिलाला कायद्यानं ६० दिवस असतात. पत्र वाचून घेण्यातच महिना जातो. जमीन अशी पण जाते, भावांनो! फॉरेस्टचा गार्ड यायची गरज नाही.

आम्ही भीक मागत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक पाहिजे. तोच सांगतो, होईल तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. शाळेला जंगलजमीन लागली तर वनहक्क कायद्यानं ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे जागा द्यायला ग्रामसभा चालते, मग मास्तर कुठाय हे विचारायला का चालत नाही? १९९६ च्या पेसा कायद्यानं तर गावातल्या अशा संस्था आणि त्यांच्या नोकरांवर देखरेखीचा अधिकार ग्रामसभेला आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. हायस्कूलमधल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा आधी भरा, फलक मागून लावा.

२. जादा तास शाळेच्या वेळेत घ्या, नाहीतर एसटीची वेळ बदला.

३. पाड्याच्या शाळेत पहिली-दुसरीला आमची भाषा बोलणारा मास्तर द्या.

४. सातबारा, मोजणी, वनहक्काचा दावा हे आठवीपासून शिकवा.

खास शाळा चार पोरांना, पुरी शाळा सगळ्यांना! आम्हाला पुरी शाळा हवी.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं या चार मागण्यांचा ठराव घ्यावा. हायस्कूल तालुक्याच्या गावी असलं तरी पोरं आपल्या गावची आहेत, तेव्हा गप्प बसू नका. बायांनी पुढं बसावं, पोरांच्या अभ्यासाचे हाल त्याच बघतात. ग्रामसेवक टाळाटाळ करील. उठू नका. ठराव वहीत लिहून घ्या, वाचून घ्या, सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्यावरच घरी जा. नकला संघटनेकडं पोचवा. सगळ्या गावांचे ठराव जमले की तारपा घेऊनच तहसीलवर जाऊ. त्या दिवशी नाच आपल्या मर्जीनं होईल.

जमीन आमच्या हक्काची, शाळा पण आमच्या हक्काची!